चाळिशी-पन्नाशीनंतर दमा निघाला? मग रोजचं कसं सांभाळायचं ते सविस्तर

जिना चढताना धाप लागायला लागली की आपण पहिला दोष वयाला देतो, दुसरा वजनाला आणि तिसरा व्यायाम सुटला त्याला. दमा डोक्यात येतच नाही, कारण दमा असायचा तर लहानपणीच असतो असं आपण मनाशी पक्कं धरून बसलेलो असतो. पण तो चाळिशीत, साठीत, अगदी सत्तरीतही पहिल्यांदा सुरू होऊ शकतो, आणि मोठ्या वयात सुरू होणाऱ्यांत बायकांचं प्रमाण जास्त असतं. मलाही उशिराच लागला. खाली जे लिहितेय ते डॉक्टरांऐवजी वाचायला नाही, डॉक्टरांकडे जाताना काय विचारायचं आणि घरी आल्यावर काय करायचं यासाठी आहे.

एक गोष्ट आधीच सांगते, कारण पुढचं सगळं तिच्यावरच उभं आहे. दम्यात श्वासनलिकांना आतून सूज असते आणि ती सूज तुम्हाला बरं वाटत असतं तेव्हाही असते. धाप, सूं सूं आवाज, छाती आवळल्यासारखी वाटणं हे त्या सुजेवर काहीतरी निमित्त झालं की वर येतं. म्हणजे दमा सांभाळायचा असतो तो चांगल्या दिवसांत. लहानपणचा दमा बऱ्याच जणांचा मोठेपणी मागे पडतो तसा उशिरा आलेला सहसा आपोआप जात नाही, त्यामुळे "चार महिने औषध घेतलं की सुटलो" हा हिशोब इथे चालत नाही.

आधी दमाच आहे ना ते पक्कं करा

ही पायरी लोक सर्रास गाळतात, पंप लिहून मिळाला, बरं वाटलं, संपलं. पण या वयात धाप लागायची कारणं खूप असतात. हृदय कमकुवत झालं तरी रात्री श्वास कोंडून जाग येते आणि छातीत आवाजही येतो. बरीच वर्षं सिगरेट ओढली असेल तर सीओपीडी (श्वासनळ्या कायमच्या अरुंद होत जाणारा फुफ्फुसाचा आजार) असू शकतो, आणि दमा व सीओपीडी दोन्ही एकत्रही असू शकतं. ॲसिडिटी वर येऊन रात्रीचा खोकला होतो. ब्लड प्रेशरच्या गोळ्यांचा एक गट आहे, ज्यांच्या नावाच्या शेवटी 'प्रिल' येतं, रॅमिप्रिल, एनालाप्रिल वगैरे, त्यांनी काही जणांना कोरडा ठसका लागतो तो महिनोन्‌महिने हटत नाही. तो दमा नसतो, गोळी बदलली की जातो (अर्थात बदलायची डॉक्टरांनी, आपण नाही).

दम्याची खूण म्हणजे चढउतार. सकाळी छाती भरलेली, दुपारी मोकळी. एक आठवडा काही नाही, मग सर्दी झाली की तीन आठवडे खोकला. रात्री-पहाटे त्रास जास्त. हसल्यावर, थंड हवेत, अत्तराच्या किंवा फिनेलच्या वासाने, व्यायाम थांबवल्यावर पाचेक मिनिटांनी खोकल्याची उबळ. काही जणांना आवाज येतच नाही, नुसता खोकला असतो, आणि अशांचं निदान सगळ्यात उशिरा होतं.

टेस्ट मागायची ती स्पायरोमेट्री. नळीत पूर्ण जोर लावून फुंकायचं, मग पंपाचे पफ देतात, दहा-पंधरा मिनिटं थांबवतात आणि परत फुंकायला लावतात. पहिल्या सेकंदात बाहेर पडणारी हवा औषधानंतर १२ टक्के आणि शिवाय २०० मिलिलिटर एवढी वाढली तर दम्याच्या बाजूने चांगला पुरावा मिळतो. टेस्टच्या आधी नेहमीचा पंप किती तास घ्यायचा नाही हे अपॉइंटमेंट घेतानाच विचारून ठेवा, नाहीतर रिझल्ट उगाच चांगला दिसतो. आणि चांगल्या दिवशी केलेली टेस्ट नॉर्मल आली म्हणून दमा नाही असं होत नाही! तेव्हा डॉक्टर दोन आठवडे सकाळ-संध्याकाळ पीक फ्लो (जोरात फुंकल्यावर हवा किती वेगाने बाहेर पडते तो आकडा) लिहायला सांगतात, किंवा मेथाकोलिन नावाचं औषध हुंगायला देऊन नळ्या किती चिडक्या आहेत ते बघतात. श्वासातला नायट्रिक ऑक्साइड वायू मोजतात, रक्तात इओसिनोफिल (ॲलर्जीत आणि काही प्रकारच्या दम्यात वाढणाऱ्या पांढऱ्या पेशी) बघतात. छातीचा एक्स-रे दम्यात बहुतेक वेळा नॉर्मलच येतो, तो दुसरं काही नाही ना यासाठी काढतात, त्यामुळे "एक्स-रे क्लिअर आहे, काही झालेलं नाही" यावर समाधान मानू नका.

शक्य असेल तर हे सगळं रोजची औषधं जोरात सुरू व्हायच्या आधी झालेलं बरं. नंतर सिद्ध करणं अवघड जातं.

आत्ताच का सुरू झाला ते शोधा

प्रत्येकाला कारण सापडतंच असं नाही. पण या वयात शोधायला जागा आहे, कारण मोठ्या माणसाच्या दम्यात कधीकधी एखादी गोष्ट काढून टाकता येण्यासारखी असते.

पहिलं म्हणजे काम. बेकरीतलं पीठ, लाकडाचा भुसा, स्प्रे पेंटमधले आयसोसायनेट, पार्लरमधले ब्लीचिंगचे पदार्थ, हॉस्पिटलमधली जंतुनाशकं, साफसफाईची केमिकल्स, सोल्डरिंगचा धूर, प्रयोगशाळेतले प्राणी, अशा कितीतरी गोष्टींनी कामाच्या जागी दमा लागतो. आणि तो लगेच लागत नाही, महिने किंवा वर्षं काम केल्यावर लागतो, म्हणून माणूस म्हणतो "मी वीस वर्षं हेच करतोय, आत्ताच कसं?" तर असंच होतं. स्वतःला विचारायचे प्रश्न दोन: सुट्टीच्या दिवशी बरं वाटतं का, आणि चार-पाच दिवस बाहेरगावी गेलं की अजून बरं वाटतं का. हो असेल तर डॉक्टरांना हे स्वतःहून सांगा, ते विचारतीलच असं नाही. कामाचे दिवस आणि सुट्टीचे दिवस मिळून काही आठवडे, दिवसातून चारेक वेळा पीक फ्लो लिहिला की चित्र दिसतं. इथे वेळ फार महत्त्वाचा, त्या पदार्थापासून जितक्या लवकर दूर व्हाल तितकी सुधारायची शक्यता जास्त. वर्षानुवर्षं तसंच रेटलं तर काम सोडल्यावरही दमा राहतो. पण रागाच्या भरात राजीनामा देऊन मोकळे होऊ नका, आधी निदान कागदावर येऊ द्या, कारण जागा बदलून मिळणं किंवा भरपाई या गोष्टी त्या कागदावर अवलंबून असतात.

दुसरं, औषधं, आणि हे मला सगळ्यात जास्त दुर्लक्षित वाटतं. बीटा ब्लॉकर गटातल्या गोळ्या (प्रोप्रानोलॉल, ॲटेनोलॉल वगैरे) ब्लड प्रेशर, धडधड, मायग्रेन, हात थरथरणं यासाठी देतात आणि त्या श्वासनळ्या आवळू शकतात. नुसत्या गोळ्याच नाही, काचबिंदूसाठी टिमोलॉलचे डोळ्यात घालायचे थेंबसुद्धा! डोळ्याच्या डॉक्टरांना आपल्या छातीचं माहीत नसतं आणि छातीच्या डॉक्टरांना आपण थेंबाचं सांगत नाही, कारण थेंब म्हणजे औषध असं आपण धरतच नाही. दुसरा गट ॲस्पिरिन आणि त्याच्या जातीच्या पेनकिलर, आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक. उशिरा दमा सुरू झालेल्या काही लोकांना नाक सतत बंद, वास येत नाही, नाकात पॉलिप (मऊ गाठी), आणि अशी गोळी घेतल्यावर अर्ध्या तासापासून दोन-तीन तासांत जोराचा त्रास, असं सगळं एकत्र असतं. ज्यांना आजवर काही झालं नाही त्यांनी घाबरून हृदयासाठी दिलेली ॲस्पिरिन मनाने बंद करायची नाही. पण एकदा जरी असं झालं असेल तर ते प्रत्येक डॉक्टरला, दातांच्या डॉक्टरलाही, सांगायचं. पॅरासिटामॉल बहुतेकांना चालतं.

बाकी मग पाळी जाण्याच्या सुमाराचे हार्मोनचे बदल, जोराचं व्हायरल इन्फेक्शन, वाढलेलं वजन, सिगरेट, जुनं सायनस. नाकाचा उपचार केला की छातीही सुधारते हे बऱ्याच जणांना पटत नाही, पण नाक आणि फुफ्फुस एकाच वाटेवर आहेत.

दोन प्रकारचे पंप

एक आराम देणारा, एक सूज उतरवणारा. आराम देणारा म्हणजे बहुतेक सॅल्ब्युटामॉल, पाच मिनिटांत नळ्या मोकळ्या करतो, चार-सहा तास असर राहतो. सूज उतरवणारा म्हणजे स्टिरॉइडचा, ब्युडेसोनाइड, फ्लुटिकासोन, बेक्लोमेथासोन, जो घेतल्यावर त्या क्षणी काहीच वाटत नाही. आणि गोची इथेच होते. ज्याने लगेच बरं वाटतं तो पंप खिशात राहतो आणि ज्याने खरं काम होतं तो कपाटात. नुसत्या सॅल्ब्युटामॉलवर राहणं म्हणजे घरात जाळ लागलेला असताना धूर जावा म्हणून खिडकी उघडत बसणं.

जागतिक पातळीवर दम्याच्या उपचाराची दिशा ठरवणाऱ्या 'गिना' या संस्थेने २०१९ मध्ये स्पष्टच सांगितलं की मोठ्या माणसांना नुसता सॅल्ब्युटामॉलसारखा पंप देऊ नये, सोबत स्टिरॉइड हवंच, दमा सौम्य असला तरी. म्हणून हल्ली बऱ्याच डॉक्टरांचा कल ब्युडेसोनाइड-फॉर्मोटेरॉल अशा एकत्र पंपाकडे असतो. यातलं फॉर्मोटेरॉल नळ्या मोकळ्या करतं आणि दोन-तीन मिनिटांत काम करायला लागतं, त्यामुळे तोच पंप रोजचा आणि तोच त्रास झाल्यावरचा, म्हणजे आरामासाठी घेतलेल्या प्रत्येक पफबरोबर सूज उतरवणारं औषधही जातं. पण सगळे एकत्र पंप असे नसतात. सॅल्मेटेरॉल-फ्लुटिकासोनचा पंप त्रास झाल्यावर घ्यायचा नसतो, त्याला वेळ लागतो. तुमचा कुठला ते विचारून घ्या आणि डब्यावर पेनने लिहून ठेवा.

हिशोब ठेवायची सोपी युक्ती: २०० पफचे सॅल्ब्युटामॉलचे तीन किंवा जास्त पंप वर्षात संपत असतील तर मोठा ॲटॅक यायचा धोका वाढलेला आहे. महिन्याला एक संपत असेल तर जिवाचा धोका आहे, हे मी घाबरवायला लिहीत नाहीये, खरंच तसं आहे.

स्टिरॉइड म्हटलं की लोक बिचकतात. पंपातला डोस मायक्रोग्रॅममध्ये असतो, गोळीतला मिलिग्रॅममध्ये, म्हणजे हजारपट मोठ्या मापात, शिवाय पंपातलं औषध थेट जागेवर जातं. तोंड येणं, घसा बसणं हे त्रास होतात खरे, पण प्रत्येक वेळी चूळ भरून थुंकून टाकली (गिळायची नाही) की बरेच टळतात. जास्त डोस वर्षानुवर्षं चालू असेल तर हाडं आणि डोळे तपासत राहावं लागतं. पंपाची सवय लागते म्हणतात ते खरं नाही, बंद केल्यावर त्रास परत येतो कारण आजार परत वर येतो. परिणामाला वेळ लागतो, काही दिवसांत फरक पडायला लागतो आणि पूर्ण फायदा दिसायला आठवडे, कधी दोन-तीन महिने जातात.

पंप घ्यायची पद्धत (इथे घाई करू नका)

औषध बरोबर, डोस बरोबर, तरी दमा आटोक्यात नाही, अशा वेळी आधी हात आणि तोंड बघायचं. पंप चुकीचा घेणारे इतके आहेत की चुकीचा घेणं हाच नियम म्हणावा लागेल.

दाबून फवारा येणारा पंप असेल तर: टोपण काढून आत काही अडकलं नाही ना बघा, नीट हलवा. नवा असेल किंवा बरेच दिवस वापरला नसेल तर आधी हवेत दोन-चार पफ उडवा, नेमके किती ते कागदावर असतं. ताठ बसा किंवा उभे राहा. श्वास आरामात पूर्ण बाहेर सोडा, पंपात नाही. ओठ घट्ट लावा, सावकाश आत ओढायला सुरुवात करा आणि सुरुवात झाल्याबरोबर दाबा, ओढत राहा, तीन ते पाच सेकंद, सावकाश. मग दहा सेकंद श्वास रोखा किंवा जमेल तेवढा. दुसरा पफ हवा असेल तर अर्धा ते एक मिनिट थांबून, परत हलवून. दोन पफ एकदम दाबायचे नाहीत.

दाबणं आणि ओढणं एकत्र जमत नाही? बहुतेकांना नाही जमत. मग स्पेसर (पंपाला जोडायचं प्लास्टिकचं पोकळ नळकांडं) घ्या, तो लहान मुलांसाठीच असतो हा गैरसमज आहे. एक पफ आत सोडायचा आणि सावकाश एक खोल श्वास, किंवा त्रासात असाल तर चार-पाच साधे श्वास. औषध जिभेवर आणि घशात कमी चिकटतं, फुफ्फुसात जास्त जातं. महिन्यातून एकदा साबणाच्या कोमट पाण्यात धुवायचा आणि तसाच निथळत ठेवायचा, कापडाने पुसायचा नाही, पुसलं की आत स्टॅटिक तयार होतं आणि औषध भिंतींना चिकटतं.

पावडरवाला पंप असेल तर सगळं उलट. हलवायचा नाही, डोस लोड केल्यावर त्यात फुंकायचं तर अजिबात नाही (ओल लागून पावडरीच्या गुठळ्या होतात), आणि श्वास सावकाश नाही, पहिल्यापासूनच जोरात आणि खोल. कॅप्सूलवाला असेल तर कॅप्सूल पंपात घालायची असते, गिळायची नसते, हे सांगावं लागतं कारण लोक गिळतात. वय झालंय, ओढायला जोर कमी पडतो, तर हा प्रकार तुमच्यासाठी नसेल. तसंच बोटांत संधिवात असेल तर दाबायचा पंप जड जातो. दोन्ही वेळा डॉक्टरांना सांगून प्रकार बदलून घ्या, स्वतःला दोष देत बसू नका. आणि दोन वेगळ्या प्रकारचे पंप एकाच वेळी टाळता आले तर टाळा, एकाला सावकाश आणि एकाला जोरात हे गोंधळाचं होतं.

पंप संपला का हे पाण्यात तरंगतो का बघून कळत नाही, ती जुनी पद्धत चुकीची आहे. काउंटर बघा, काउंटर नसेल तर सुरू केल्याची तारीख डब्यावर लिहा आणि रोजच्या पफांचा भागाकार करा. नुसता फवारा येतोय म्हणजे औषध आहे असं नाही, शेवटी शेवटी नुसता वायू येतो.

प्रत्येक भेटीत पंप सोबत न्या आणि डॉक्टर, नर्स किंवा फार्मासिस्टसमोर घेऊन दाखवा. एकदा शिकलेली पद्धत काही महिन्यांत परत बिघडते.

पीक फ्लो आणि कागदावरचा प्लॅन

पीक फ्लो मीटर म्हणजे हातात मावणारी नळी, काटा शून्यावर आणायचा, उभं राहून पूर्ण श्वास भरायचा, ओठ घट्ट आणि एकच झटका जोरात. तीन वेळा, त्यातला सगळ्यात मोठा आकडा लिहायचा, सरासरी नाही. सकाळी औषधाआधी आणि संध्याकाळी. तब्येत छान असताना दोनेक आठवडे लिहिलं की तुमचा स्वतःचा सर्वोत्तम आकडा कळतो, शेजारणीचा किंवा तक्त्यातला कामाचा नाही. मोठ्या वयात याचा जास्त उपयोग आहे, कारण वय वाढलं की नळ्या आवळल्याची जाणीवच बोथट होते, आकडा घसरलेला असतो आणि माणूस म्हणतो "मी ठीक आहे."

सर्वोत्तमच्या ८० टक्क्यांवर असाल तर हिरवा पट्टा, रोजचंच चालू. ५० ते ८० पिवळा, इथे काय वाढवायचं, किती दिवस, हे डॉक्टरांनी आधीच लिहून दिलेलं हवं. ५० च्या खाली लाल, आरामाचा पंप आणि लगेच दवाखाना. समजा तुमचा सर्वोत्तम ४०० आहे, तर ३२० आणि २०० या दोन रेघा मीटरवरच चिकटपट्टीने खूण करून ठेवा. रोज आयुष्यभर फुंकायची गरज नाही, कंटाळून सगळंच सुटतं, सर्दी झाली, औषध बदललं, शंका आली की लिहायचं.

हा प्लॅन लेखी हवा आणि घरातल्या अजून एकाला तरी तो कुठे आहे हे माहीत हवं. रात्री तीनला धाप लागलेल्या माणसाला काही आठवत नाही.

मीटर नसेल तर मागच्या चार आठवड्यांबद्दल चार प्रश्न: दिवसा त्रास आठवड्यातून दोनपेक्षा जास्त वेळा झाला का, दम्याने रात्री एकदाही जाग आली का, आरामाचा पंप आठवड्यात दोनपेक्षा जास्त वेळा लागला का, दम्यामुळे काही करायचं टाळलं का. एकाचंही उत्तर हो असेल तर दमा पूर्ण आटोक्यात नाही. शेवटच्या प्रश्नाला नीट विचार करून उत्तर द्या, आपण जिने टाळतो, लिफ्ट घेतो, चालणं कमी करतो आणि मग म्हणतो की त्रास काहीच नाही.

ॲटॅक आला तर

ताठ बसा, किंचित पुढे झुकून, हात टेबलावर टेकवून. आडवं व्हायचं नाही. गळ्याभोवतीचं सैल करा. सॅल्ब्युटामॉल असेल तर स्पेसरमधून एकेक पफ, प्रत्येक पफला चार-पाच श्वास, असे चार पफ. चार मिनिटं थांबा. फरक नाही, परत चार. तरीही नाही, तर ॲम्ब्युलन्स, आणि ती येईपर्यंत हेच चालू. ब्युडेसोनाइड-फॉर्मोटेरॉलवाला पंप असेल तर एकेक पफ, मध्ये काही मिनिटं, एका वेळी जास्तीत जास्त किती आणि दिवसात किती हे तुमच्या प्लॅनमध्ये असेल ते पाळा.

वाट न बघता ॲम्ब्युलन्स कधी: एक वाक्य एका दमात पूर्ण होत नाही, ओठ-नखं निळसर, माणूस गोंधळलेला किंवा गुंगीत, थकून श्वास मंद होतोय. आणि छातीतला आवाज अचानक बंद झाला पण माणूस बरा दिसत नाही तर ते सगळ्यात वाईट लक्षण आहे, हवाच आत-बाहेर होत नाहीये, "चला, सूं सूं थांबली" म्हणून निवांत होऊ नका. बोटाला लावायच्या ऑक्सिमीटरवर ९२ च्या खाली आकडा म्हणजे गंभीर, पण आकडा चांगला आहे म्हणून त्रास किरकोळ असं नाही, सुरुवातीला माणूस जोर लावून श्वास घेत ऑक्सिजन टिकवून धरतो. त्रासात माणसाला झोपेचं औषध द्यायचं नाही, कितीही बेचैन असला तरी.

मोठ्या ॲटॅकनंतर डॉक्टर प्रेडनिसोलोन या स्टिरॉइडच्या गोळ्या साधारण पाच ते सात दिवस देतात. दुसऱ्या दिवशी बरं वाटलं म्हणून सोडू नका. डायबेटिस असेल तर या दिवसांत साखर चढते, रोज मोजा आणि आधीच विचारून ठेवा की किती झाली तर काय करायचं. आणि आठवड्याभरात परत दाखवायला जाच, कारण ॲटॅक आला म्हणजे रोजच्या उपचारात कुठेतरी भोक आहे. अशा गोळ्यांचे कोर्स वर्षात दोनदा किंवा जास्त लागत असतील तर तज्ज्ञाकडे जायची वेळ झाली, त्या गोळ्या हाडं, डोळे, साखर, वजन सगळ्यावर हळूहळू परिणाम करतात.

घर, हवा, व्यायाम

हे थोडक्यात. सिगरेट सोडायची, दुसऱ्याची पण टाळायची, ओढणाऱ्यात पंपातलं स्टिरॉइड कमी चालतं. कुठल्याही प्रकारचा धूर घरात नको. ॲलर्जी टेस्टमध्ये धुळीतले माइट (डोळ्यांना न दिसणारे बारीक किडे) निघाले असतील तर चादरी-अभ्रे आठवड्याला गरम पाण्यात, ६० अंशांच्या आसपास, आणि भिंतीची ओल-बुरशी काढणं. ॲलर्जी नसेलच (उशिरा सुरू झालेल्यांत बऱ्याच जणांना नसते) तर महागडी कव्हरं आणि मशीनं घेत सुटू नका. साफसफाईला स्प्रेऐवजी ओलं फडकं. ब्लीच आणि ॲसिड कधीही एकत्र करायचं नाही, क्लोरीन वायू निघतो. परागकणांची ॲलर्जी असेल तर वादळी पावसाच्या आधी घरात जाऊन खिडक्या लावा, मेलबर्नला नोव्हेंबर २०१६ मध्ये एका वादळानंतर हजारो लोकांना श्वासाचा त्रास झाला आणि १० जण गेले.

व्यायाम बंद करायचा नाही. दहा मिनिटं हळूहळू वॉर्म-अप, थंड हवेत नाकावर स्कार्फ, डॉक्टरांनी सांगितलं असेल तर आधी पंप. वजन जास्त असेल तर थोडं उतरलं तरी श्वासाला जाणवतं. श्वासाचे व्यायाम जरूर करा, त्याने घाबरेपणा कमी होतो, पण ते सूज उतरवत नाहीत, म्हणून पंपाच्या जागी नाहीत.

फ्लूची लस दरवर्षी, न्यूमोनियाची वयाप्रमाणे विचारून.

पुढे काय

तीनेक महिने सगळं छान असेल तर डॉक्टर डोस एकेक पायरी कमी करतात. कमी करताना स्टिरॉइड पूर्ण काढून टाकत नाहीत, आणि सर्दीच्या दिवसांत, प्रवासाच्या तोंडावर कमी करायला घेत नाहीत. आटोक्यात नसेल तर वाढवायच्या आधी क्रम असा: पंपाची पद्धत, रोज खरंच घेतोय का, ट्रिगर, नाक, ॲसिडिटी, झोपेतलं घोरणं आणि श्वास अडकणं, आणि मुळात निदान. यातलं काही न बघता औषधावर औषध चढत असेल तर विचारायला लाजू नका.

माँटेलुकास्टची गोळी बऱ्याच जणांना मिळते. तिने काहींना वाईट स्वप्नं, चिडचिड, उदासी, क्वचित आत्महत्येचे विचार येतात, अमेरिकेच्या औषध नियामकाने २०२० मध्ये यावर सगळ्यात कडक इशारा लावला. घरच्यांना हे सांगून ठेवा, कारण स्वभावातला बदल त्यांना आधी दिसतो.

तरीही जमत नसेल तर टायोट्रोपियम हे नळ्या मोकळ्या ठेवणारं अजून एक पंपातलं औषध जोडतात, आणि त्यापुढे इंजेक्शनं आहेत, ओमॅलिझुमॅब, मेपोलिझुमॅब, बेनरालिझुमॅब, ड्युपिलुमॅब. दोन ते आठ आठवड्यांनी एकदा घ्यायची, महाग, आणि सगळ्यांसाठी नाहीत. रक्तातल्या इओसिनोफिल, आयजीई (ॲलर्जीत रक्तात वाढणारा घटक), नाकातले पॉलिप बघून ठरतं. उशिरा सुरू झालेल्या दम्यात इओसिनोफिल वाढलेले लोक बरेच असतात आणि त्यांना यातल्या काहींचा चांगला फायदा होतो, म्हणून स्टिरॉइडच्या गोळ्यांचे कोर्स सारखे लागत असतील तर "माझे इओसिनोफिल किती आहेत?" हा प्रश्न विचारा. गोळ्या चालू असताना हा आकडा खाली दाबला जातो, त्यामुळे जुने रक्ताचे रिपोर्ट फेकू नका, गोळ्या सुरू व्हायच्या आधीचा एखादा रिपोर्ट फाइलमध्ये सगळ्यात वर लावून न्या.